नोड पुन्हा पुन्हा ड्रेनमध्ये का जातो? स्लर्मच्या कॉन्फिगरेशनमधली गोम शोधताना

स्लर्म म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्रांवर, म्हणजे नोडांवर, जॉब वाटून देणारी प्रणाली. सकाळी लॉगिन करावं, तर रांगेत जॉब खोळंबलेले आणि अर्ध्या नोडांपुढे ‘ड्रेन’, म्हणजे नवे जॉब बंद, असं लिहिलेलं. घाईत कोणीतरी सगळे नोड ‘रिझ्यूम’ करतं, म्हणजे परत वापरात घेतं, जॉब धावू लागतात, सगळ्यांना हायसं वाटतं. दुपारपर्यंत तेच नोड परत ड्रेनमध्ये. क्लस्टर सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे अनुभवलं असेल. मी स्वतः यात बरेच दिवस घालवले आहेत, म्हणून आधी एकच कळकळीची विनंती करतो : कारण वाचल्याशिवाय नोड रिझ्यूम करू नका.

नोड बाजूला काढताना स्लर्म त्याच्या नोंदीत कारण लिहून ठेवतो आणि रिझ्यूम केलं की ते कारण पुसलं जातं. कंट्रोलरच्या (सगळे नोड सांभाळणाऱ्या स्लर्मच्या मुख्य प्रोग्रामच्या) लॉगमध्ये ते सापडतं, पण हजारो ओळींतून शोधावं लागतं. त्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला ‘एसइन्फो’ कमांडला कॅपिटल ‘आर’चा पर्याय देऊन कारणांची यादी बघा. फक्त या यादीत कारणाची पहिली २० अक्षरंच दिसतात आणि कामाचे आकडे बहुतेक वेळा त्यापुढेच असतात. पूर्ण वाक्य हवं असेल तर ‘एसकंट्रोल शो नोड’ आणि नोडचं नाव. कारणाशेजारी ते कोणाच्या खात्यातून आणि किती वाजता लिहिलं गेलं तेही येतं. आपल्याच सहकाऱ्याने डिस्क बदलायला नोड बाजूला काढलेला असू शकतो. म्हणून हाताने ड्रेन करताना कारणात आपलं नाव आणि तारीख लिहायची सवय ठेवा. रूट खात्यातून सगळेच काम करत असतील तर ‘रूट’ या शब्दावरून काहीच कळत नाही.

स्थितीच्या शब्दापुढे चांदणी दिसली तर नोड कंट्रोलरला उत्तरच देत नाही असा अर्थ. ती वेगळी वाट आहे. तिकडे नेटवर्क, फायरवॉल, घड्याळ आणि मंज (नोडांची ओळख पटवणारी सेवा) यांपासून सुरुवात करायची. चांदणी नसेल तर नोड बोलतोय, पण त्याचं बोलणं कंट्रोलरला पटत नाहीये.

न पटण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. स्लर्म जागा वाटतो ती ‘स्लर्म डॉट कॉन्फ’ या कॉन्फिग फाइलीत आपण लिहिलेल्या आकड्यांवरून. नोडवर सतत चालणारा स्लर्मचा प्रोग्राम, ‘स्लर्म-डी’, सुरू झाला की तो आपल्याकडे किती कोअर, किती मेमरी, किती जीपीयू आहेत याचा हिशेब घेऊन कंट्रोलरकडे नोंदणीला जातो. फाइलीत लिहिल्यापेक्षा जास्त निघालं तर कोणी हरकत घेत नाही. कमी निघालं की नोड बाजूला. नोडवर जे खरोखर आहे ते आणि आपण कागदावर लिहिलेलं यांत फरक पडलेला असतो, आणि तो मिटेपर्यंत रिझ्यूम कितीही वेळा केलं तरी पुढच्या नोंदणीला नोड परत तिथेच.

मेमरीचे काही एमबी

यातलं सगळ्यात जास्त वेळा भेटणारं कारण म्हणजे ‘लो रिअल-मेमरी’. माझ्याकडे २५६ जीबी रॅमचे २४ नोड होते. क्लस्टर उभारताना प्रत्येक नोडवर ‘स्लर्म-डी’ला कॅपिटल ‘सी’चा पर्याय देऊन चालवलं. हा पर्याय नोडचं हार्डवेअर मोजून कॉन्फिग फाइलीत टाकायची ओळ तयार करून देतो. त्यात मेमरी आली २५७६०० एमबी. ती मी जशीच्या तशी फाइलीत उतरवली. वर्षभर काही झालं नाही. मग कर्नल अपडेट केला. जॉब संपतील तसा एकेक नोड रीबूट होत होता, त्यामुळे नोड एकदम पडले नाहीत, दोन दिवसांत एकेक करून गेले, आणि अपडेटशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातच आला नाही. नेटवर्क तपासलं, स्विच तपासला, स्टोरेजवर संशय घेतला.

अखेर ‘शो नोड’मधलं पूर्ण वाक्य नीट वाचलं : नोडने सांगितलेली मेमरी २५७५३६, फाइलीतली २५७६००. फरक ६४ एमबी. कर्नल कोसळला तर त्याची नोंद घेण्यासाठी लिनक्स थोडी मेमरी सुरुवातीलाच राखून ठेवतो, आणि ती एकूण मेमरीच्या आकड्यातून वजा होते. अपडेटमध्ये ही राखीव मेमरी १९२ वरून २५६ एमबी झाली होती. एवढ्यासाठी सहा टेराबाइट मेमरी असलेलं क्लस्टर ठप्प!

इथे हात थांबवून एक गोष्ट करा. आकडा कमी करायच्या आधी सगळ्या नोडांवर तोच मोजणीचा पर्याय चालवून ओळी शेजारी शेजारी ठेवा. मी ठेवल्या तेव्हा २३ नोडांवर फरक ६४ एमबीचा निघाला आणि एका नोडवर १६ हजार एमबीहून जास्त. त्या नोडमधली १६ जीबीची एक पट्टी गेली होती. घाईघाईत सगळ्यांचा आकडा खाली आणला असता तर ती बिघडलेली पट्टी कायमची झाकली गेली असती. फरकाचा आकार बघूनच रोग कळतो : काही दहा-वीस किंवा शंभरेक एमबी असेल तर कर्नल किंवा बायॉस, आणि रॅमच्या पट्टीच्या मापाचा फरक असेल तर हार्डवेअर. हार्डवेअरचा बिघाड कॉन्फिगमध्ये आकडा बदलून कधीही झाकू नका.

आता मी फाइलीत मोजलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन टक्के कमीच लिहितो. जॉबना तेवढ्याने काही फरक पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मेमरी राखायची असेल तर त्याला ‘मेम-स्पेक-लिमिट’ ही वेगळी सोय आहे, आणि नोंदणीच्या वेळी फाइलीतल्या मेमरीपैकी किती टक्के सापडली तरी चालेल हे ठरवणारा ‘नोड-रेज-मेम-पर्सेंट’ हा पॅरामीटरही कंट्रोलरसाठी आहे. पहिला मला रोजच्या वापरात आवडतो. दुसरा मी टाळतो, कारण टक्केवारी सैल ठेवली की गेलेली पट्टीही त्यात खपून जाते. नव्या आवृत्त्यांत असा नोड ‘ड्रेन’ऐवजी ‘इन्व्हॅल’ या स्थितीत दिसतो. तिथे आकडा दुरुस्त करून नोडवरचा स्लर्म-डी रीस्टार्ट केला, नोंदणी बरोबर झाली, की स्थिती आपोआप निवळते.

कोअर आणि थ्रेडचा हिशेब चुकला तरी याच पद्धतीचा निरोप येतो, ‘लो सॉकेट-कोअर-थ्रेड काउंट’. मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायॉस अपडेट केल्यावर हायपर-थ्रेडिंगची (एका कोअरचे दोन सीपीयू दाखवण्याची) सेटिंग बदलू शकते आणि नोडला अर्धेच सीपीयू दिसू लागतात. उपाय बायॉसमध्ये आहे. ‘कॉन्फिग-ओव्हरराइड्स’ नावाचा एक पर्याय असा आहे की तो लावला की स्लर्म फाइलीतलंच खरं मानतो आणि नोडचं ऐकत नाही. चाचणीच्या यंत्रावर तो ठीक आहे, खऱ्या क्लस्टरवर लावू नका.

सगळीकडे एकच फाइल आहे ना?

कंट्रोलरच्या लॉगमध्ये अमुक नोडची स्लर्म डॉट कॉन्फ वेगळी दिसते अशी ओळ वारंवार येत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ही सूचना बंद करणारा एक डीबग फ्लॅगही आहे. काही ठिकाणी तो लॉग स्वच्छ दिसावा म्हणून लावलेला असतो आणि पुढे वर्षभर सगळे अंधारात चाचपडत राहतात. लावलेला असेल तर आधी काढा.

फाइल वेगळी होण्याचं कारण अगदी साधं असतं. फाइल सगळीकडे पाठवली त्या दिवशी एखादा नोड बंद होता. तो पंधरा दिवसांनी दुरुस्त होऊन आला, जुनी फाइल घेऊन. सगळ्या नोडांवर एकदम फाइलीचं चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढलं की एका मिनिटात तो नोड सापडतो. कायमचा इलाज हवा असेल तर ‘कॉन्फिगलेस’ पद्धत वापरा. २०.०२ या आवृत्तीपासून स्लर्ममध्ये ही सोय आहे : फाइल फक्त कंट्रोलरवर राहते आणि प्रत्येक स्लर्म-डी सुरू होताना ती तिथून ओढून घेतो. ज्या क्लस्टरांवर मी हा बदल केला तिथे ही तक्रार परत आली नाही.

नोडचं नाव हाही असाच छोटा काटा. यंत्राचं होस्टनेम आणि फाइलीतलं नाव जुळलं नाही तर स्लर्म-डी आपलं नाव ठरवता येत नाही म्हणून सुरूच होत नाही. यंत्र नव्याने इन्स्टॉल केल्यावर हे हटकून तपासा.

मंज आणि घड्याळ

स्लर्मचे सगळे भाग एकमेकांना ओळखतात ते मंजच्या जोरावर. त्याची ‘की’, म्हणजे गुप्त किल्लीची फाइल, प्रत्येक नोडवर अक्षरन् अक्षर सारखी लागते आणि मंजच्या खात्याशिवाय कोणाला ती वाचता येता कामा नये. तपासणी सोपी आहे : कंट्रोलरवर ‘मंज’ला ‘एन’चा पर्याय देऊन क्रेडेन्शियल (ओळखपत्र) तयार करा आणि ते एसएसएचने नोडवरच्या ‘अनमंज’कडे पाठवा. उत्तरात ‘सक्सेस’ आलं तर हा विषय संपला.

‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल’ आलं तर की वेगळी आहे. काही लिनक्स वितरणांत मंजचं पॅकेज बसवतानाच नवी की तयार होते. नोड नव्याने उभारला, जुनी की परत टाकायची राहिली, की हा निरोप ठरलेला. की बदलल्यावर मंज रीस्टार्ट करायलाच लागतं. नुसती फाइल बदलून भागत नाही.

‘एक्स्पायर्ड’ किंवा ‘रिवाउंड’ आलं तर घड्याळ बघा. क्रेडेन्शियलचं आयुष्य साधारणपणे ३०० सेकंदांचं, म्हणजे पाच मिनिटांचं. नोडचं घड्याळ त्याहून पुढे-मागे गेलं की कंट्रोलरचं काहीच त्याला मान्य होत नाही. या बिघाडाला ओळखायची खूण अशी की तो हळूहळू येतो : घड्याळ दिवसाला काही सेकंद सरकत असतं, महिनोन्‌महिने काही होत नाही आणि एके दिवशी नोड अचानक चांदणीसकट ‘डाउन’. टाइम सिंक करणारी सेवा बंद पडली आहे का ते बघा, आणि मदरबोर्डची बॅटरी बदलायला झाली आहे का तेही.

जीपीयूचे नोड फक्त रीबूटनंतरच पडतात

हा बिघाड मला अजूनही सगळ्यात चकवा देणारा वाटतो, कारण हाताने रीस्टार्ट केलं की तो नाहीसा होतो. नोड रीबूट झाला की स्लर्म-डी सुरू होत नाही, किंवा जीपीयू फाइलीत लिहिल्यापेक्षा कमी सापडले म्हणून नोड ड्रेन होतो. आपण लॉगिन करतो, जीपीयूंची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड चालवून बघतो, चारही जीपीयू ठणठणीत. स्लर्म-डी रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत. पुढच्या रीबूटला तेच.

खरी गोष्ट अशी की आपण तपासायला गेलो त्या कृतीनेच बिघाड दुरुस्त झालेला असतो. जीपीयूंच्या डिव्हाइस फाइली ड्रायव्हर लोड झाल्यावरच तयार होतात, आणि ज्या यंत्रावर ग्राफिकल डेस्कटॉप नाही तिथे कोणी जीपीयूला हात लावेपर्यंत त्या तयार नसतात. आपण एनव्हिडिया-एसएमआय चालवलं की त्या तयार होतात. बूट होताना स्लर्म-डी त्याआधीच पोचलेला असतो. ‘ग्रेस डॉट कॉन्फ’ या जीपीयूंच्या यादीत लिहिलेली डिव्हाइस फाइल त्याला सापडत नाही. इलाज सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत आहे : स्लर्म-डीच्या युनिटला (सेवेच्या फाइलीला) जोडफाइल देऊन तो एनव्हिडियाच्या, ड्रायव्हर लोड ठेवणाऱ्या पर्सिस्टन्स सेवेनंतरच सुरू व्हावा असा क्रम लावायचा. मूळ युनिट फाइलीत बदल करू नका, पुढच्या अपडेटला तो पुसला जातो.

याउलट नोड चालू असताना मधेच जीपीयू कमी झाला, तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘एक्सआयडी ७९’ आहे का बघा. जीपीयू बसवरून निखळला असा त्याचा अर्थ. मग कॉन्फिगरेशनचा काही दोष नाही. वीजपुरवठा, तापमान, कार्डची बैठक इथे लक्ष घाला.

‘किल टास्क फेल्ड’ हे कारणही असंच कॉन्फिगच्या नावावर खपतं. जॉब संपल्यावर त्याच्या प्रोसेस मरत नाहीत, स्लर्म ठरावीक वेळ वाट बघतो आणि नोड ड्रेन करतो. ही मुदत ‘अनकिलेबल-स्टेप-टाइमआउट’मध्ये असते, मूळ किंमत ६० सेकंद. मोठ्या कोअर फाइली (कोसळताना मेमरीची प्रत) लिहिणारे जॉब असतील तर ती १८० पर्यंत वाढवणं योग्यच. पण प्रोसेस ‘डी’ स्थितीत अडकलेल्या असतील तर त्या स्टोरेजची वाट बघत आहेत, आणि मुदत वाढवून फक्त ड्रेन उशिरा होईल.

नोड मोकळे, तरी जॉब थांबलेले

ड्रेन एकही नाही, तरी रांग हलत नाही, ही दुसरी तक्रार. इथे रांग दाखवणाऱ्या ‘एसक्यू’ या कमांडच्या शेवटच्या रकान्यातलं कारण वाचायचं.

एका नोडवर एकच जॉब जातो आणि उरलेले कोअर रिकामे राहतात असं दिसलं तर जॉबने किती मेमरी धरली आहे ते बघा. मेमरीचाही हिशेब ठेवायचा असं आपण स्लर्मला सांगितलेलं असेल, आणि ‘डेफ-मेम-पर-सीपीयू’ (दर सीपीयूमागे ठरलेली मेमरी) लिहिलेलंच नसेल, तर ज्याने मेमरी मागितली नाही त्याला नोडची सगळी मेमरी मिळते. एक कोअर मागणारा जॉब २५६ जीबी अडवून बसतो. नोडची मेमरी भागिले कोअर, त्यापेक्षा थोडा कमी आकडा या ठिकाणी लिहा.

वेळेचंही तसंच, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. पार्टिशनला (नोडांच्या गटाला) ‘डीफॉल्ट-टाइम’ दिलेला नसेल तर वेळ न मागणाऱ्या जॉबला ‘मॅक्स-टाइम’ लागू होतो. समजा तो सात दिवस आहे. देखभालीसाठी पाच दिवसांनी रिझर्व्हेशन लावलं, की त्या क्षणापासून वेळ न मागितलेला एकही जॉब सुरू होत नाही, कारण प्रत्येक जण रिझर्व्हेशनवर आदळणार असं स्लर्मला दिसतं. वापरणारे विचारतात, क्लस्टर पाच दिवस आधीच बंद केलं का? त्यांचं चुकत नाही. मधल्या फटींत छोटे जॉब बसवणारं बॅकफिलही यामुळे निकामी होतं : सगळेच जॉब सात दिवसांचे दिसत असतील तर फटीत बसवायचं काय? डीफॉल्ट एक तास ठेवा. सुरुवातीला दोन-चार जणांचे जॉब अर्ध्यावर तुटतील, म्हणून आठवडाभर आधी सगळ्यांना स्पष्ट कळवा.

जॉब सबमिट होतानाच अकाउंट किंवा पार्टिशन चुकीचं म्हणून नाकारला गेला तर अकाउंटिंगच्या डेटाबेसमध्ये त्या माणसाची नोंद आहे का ते तपासा. बहुतेक वेळा नव्या माणसाचं लिनक्स खातं तयार झालेलं असतं, पण स्लर्ममध्ये त्याला कोणत्याच अकाउंटला जोडलेलं नसतं.

बदल करताना

स्लर्म-डी रीस्टार्ट केल्याने चालू जॉब मरत नाहीत, कारण जॉब वेगळ्या स्टेप प्रोसेसखाली चालतात. ही भीती मनातून काढा. उलट स्लर्म-डी बंद ठेवून चहाला जाण्याची भीती बाळगा : ‘स्लर्म-डी-टाइमआउट’ची मूळ किंमत ३०० सेकंद आहे, तेवढा वेळ नोडने उत्तर दिलं नाही तर तो डाउन होतो आणि त्यावरचे जॉब जातात.

‘सिलेक्ट-टाइप’ला (कोअर, मेमरी कोणत्या पद्धतीने वाटायची ते ठरवणाऱ्या ओळीला) मात्र चालू क्लस्टरवर हात लावू नका. ती ओळ बदलली की चालू आणि थांबलेल्या सगळ्या जॉबची माहिती नष्ट होते. तो बदल देखभालीच्या दिवशीच, रांग रिकामी करून. नोड फाइलीतून काढायचा असेल तरी आधी ड्रेन, मग जॉब संपू देणं, मगच ओळ काढणं.

दुरुस्त केलेला नोड रांगेत परत सोडण्याची माझी पद्धत अशी. ड्रेन असलेल्या नोडवर चाचणीचा जॉब चालत नाही, आणि रिझ्यूम केलं की लगेच कोणाचातरी खरा जॉब येऊन बसतो. म्हणून आधी त्या नोडवर फक्त स्वतःसाठी रिझर्व्हेशन लावायचं आणि मग रिझ्यूम करायचं. त्या रिझर्व्हेशनमध्ये सगळे कोअर, सगळे जीपीयू आणि मेमरी शून्य, म्हणजे नोडची पूर्ण मेमरी, मागणारा जॉब सोडायचा. तो सुरू झाला की नोड एकदा मुद्दाम रीबूट करायचा आणि बघायचं की तो स्वतःहून, कोणी लॉगिन न करता, बरोबर नोंदणी करून परत येतो का. रीबूटनंतर जॉब पुन्हा एकदा चालवायचा, यावेळी शेवटपर्यंत. हे दोन्ही पार पडलं की रिझर्व्हेशन काढून टाका, आणि काढल्याची खात्री करा. राहून गेलं तर नोड निरोगी असूनही रांगेतल्या कोणालाच मिळणार नाही.